घरच्या सरावासाठी इलेक्ट्रॉनिक ट्रेनर कसा बसवावा

इलेक्ट्रॉनिक ट्रेनर, म्हणजे शस्त्रावर बसवून नेम कसा हलतो ते पडद्यावर दाखवणारं यंत्र, हातात आला की नव्या नेमबाजाला एकच प्रश्न छळतो: पडद्यावर दिसतंय ते खरं मानायचं का? शंका रास्त आहे. ट्रेनर बॅरलची (शस्त्राच्या नळीची) हालचाल मोजतो, पण लक्ष्य किती दूर आहे, केवढं आहे आणि त्याचं केंद्र कुठे आहे हे तुम्हीच त्याला सांगता. त्यात चूक झाली की तो चुकीचे आकडे अगदी ठामपणे दाखवत राहतो. म्हणून बसवायला एक पूर्ण दिवस द्या आणि त्या दिवशी गुणांकडे पाहूच नका. पुढे दिलेला क्रम १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

१. सगळ्यात आधी सुरक्षितता

घरचा सराव म्हणजे ड्राय फायर, छऱ्याशिवाय. छरे आणि गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलुपात ठेवा. सरावाच्या खोलीत एकही छरा नको, टेबलाच्या खणातही नको. शस्त्र हातात घेतलं की चेंबर (छरा किंवा गोळी बसते ती जागा) उघडून डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. मध्येच फोन आला, कुणी हाक मारली, तर परत आल्यावर ही तपासणी पुन्हा पहिल्यापासून करा. लक्ष्यामागची भिंत भक्कम असावी, तिथे दार किंवा खिडकी नसावी. बाहेरून जाणाऱ्याला तुम्ही शस्त्र रोखून उभे दिसणार नाही, हेही बघा. सराव संपला की सुरक्षा दोरी किंवा झेंडी बॅरलमध्ये घाला आणि शस्त्र कपाटात ठेवा. शस्त्र घरी ठेवण्याबाबत तुमच्याकडे जे नियम लागू आहेत ते आधी पाळा, ट्रेनरचा विचार नंतर.

दुसरी गोष्ट शस्त्राच्या तब्येतीची. स्पर्धेच्या बहुतेक एअर रायफल आणि एअर पिस्तुलांना ड्राय फायरची वेगळी सोय असते. एक छोटा खटका फिरवला की हवा न सोडता ट्रिगर खराखुरा ‘तुटतो’, म्हणजे दाबता दाबता शॉट सुटण्याच्या क्षणी खटकन सुटतो. तुमच्या शस्त्रात ती आहे का, हे त्याच्या पुस्तिकेत बघा. स्प्रिंग-पिस्टनवर चालणारी एअरगन छऱ्याशिवाय उडवू नका, कारण पुढे हवेची गादी न मिळाल्याने पिस्टन जोरात आपटतो. पॉइंट टू-टू रायफलमध्ये नकली काडतूस न घालता ड्राय फायर केलं, तर फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी पिन) चेंबरच्या काठावर आपटून खूण पाडू शकते.

२. ट्रेनरचा प्रकार ओळखा

बाजारातली यंत्रं ढोबळमानाने तीन जातींची आहेत आणि त्यांचं काम एकसारखं नाही.

लेझरवाले: ट्रिगर तुटला की लेझरचा ठिपका उमटतो आणि फोनचा कॅमेरा किंवा खास लक्ष्य तो टिपतं. सुरुवातीच्या ओळखीसाठी ठीक. पण बहुतेकदा शॉट कुठे लागला एवढंच कळतं, तो तिथे का गेला हे कळत नाही.

हालचाल मोजणारे: शस्त्राच्या रेलवर (जोडणीच्या पट्टीवर) बसणारा छोटा सेन्सर, ज्यात प्रवेगमापक आणि जायरोस्कोप असतात. मँटिस या जातीतला. ट्रिगर दाबताना शस्त्र कुठल्या दिशेला हललं ते हा छान सांगतो. मात्र लक्ष्य कुठे आहे हे त्याला माहीतच नसतं. त्याचे गुण स्थिरतेचे असतात, नेमाचे नाहीत.

रेषा काढणारे: बॅरलवरचा प्रकाशीय सेन्सर लक्ष्याकडे बघत राहतो आणि नेम कुठून कसा फिरला याची अखंड रेषा पडद्यावर काढतो. स्कॅट आणि नॉप्टेल या जातीतले. स्कॅटच्या जुन्या प्रकारांत लक्ष्याच्या जागी इन्फ्रारेड दिव्यांची चौकट लावावी लागते, नव्या प्रकारांत सेन्सरमध्ये कॅमेरा असतो आणि त्याला साधं कागदी लक्ष्य पुरतं.

अचूक नेमबाजी करायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: रेषा काढणाराच घ्या. जुना, दुसऱ्याने वापरलेला मिळाला तरी चालेल. शॉटच्या आधीचा एक सेकंद दिसणं हीच या यंत्राची खरी किंमत आहे. पुढचं सगळं मुख्यतः याच प्रकाराबद्दल आहे, पण अंतर, उंची आणि उजेडाचे नियम इतरांनाही लागू पडतात.

३. जवळ काय काय हवं

- सेन्सर, त्याचा माउंट आणि माउंटला बसणारी ॲलन की
- लॅपटॉप किंवा फोन, चार्जर, सेन्सरची केबल
- केबल बांधायला वेल्क्रोच्या पट्ट्या
- मोजपट्टी, शक्यतो व्हर्निअर कॅलिपरही
- छोटी स्पिरिट लेव्हल
- लक्ष्य छापायला मॅट कागद, चिकटवायला ताठ पुठ्ठा
- लक्ष्यावर टाकायला स्वतंत्र दिवा
- जमिनीवर खूण करायला रंगीत चिकटपट्टी
- शस्त्र टेकवायला स्टँड किंवा वाळूची पिशवी
- वही आणि पेन

शेवटची वस्तू ऐच्छिक नाही.

४. अंतर मोजा, मग लक्ष्य छापा

घरात १० मीटर सरळ जागा क्वचितच मिळते. ५ मीटरही चालतात, मात्र लक्ष्य त्याच प्रमाणात लहान हवं. एअर रायफलच्या लक्ष्यातला काळा गोल ३०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, एअर पिस्तुलाचा ५९.५ मिलिमीटरचा. तुमचं अंतर मीटरमध्ये घ्या, त्याने या व्यासाला गुणा आणि १० ने भागा. म्हणजे ५ मीटरवर रायफलचा गोल १५.२५ आणि पिस्तुलाचा २९.७५ मिलिमीटर. ७ मीटरवर तेच आकडे २१.३५ आणि ४१.६५ होतात.

अंतर लक्ष्याच्या पृष्ठभागापासून तुमच्या फायरिंग लाइनपर्यंत (उभं राहायच्या रेषेपर्यंत) मोजा आणि तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावून टाका. दोन्ही पावलांच्या कडाही आखून घ्या. रोज अंदाजाने उभं राहिलात तर रोजचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत.

छपाईत एक सापळा आहे. प्रिंटर आपणहून पान कागदात बसवायला चित्र थोडं लहान करतो. सेटिंगमध्ये प्रमाण १०० टक्के करा, आणि छापून झाल्यावर गोल कॅलिपरने मोजाच. दुसरा सापळा चकचकीत कागदाचा. काळ्या गोलावर दिव्याची चकाकी पडली की कॅमेऱ्याला गोलाची कड नीट सापडत नाही, आणि तुमच्या डोळ्यालाही नाही.

आता सॉफ्टवेअर. बहुतेकांमध्ये दोन वेगळ्या नोंदी असतात: प्रत्यक्ष अंतर आणि ज्या अंतराचा सराव चालला आहे ते अंतर. पहिल्यात ५, दुसऱ्यात १०. इथे गल्लत झाली तर रेषा दुप्पट मोठी किंवा निम्मी दिसेल, आणि निम्मी दिसली तर तुम्ही अगदी खूश व्हाल. स्पर्धेचा प्रकारही बरोबर निवडा, कारण रायफलचं १० गुणांचं वर्तुळ जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं आहे आणि पिस्तुलाचं ११.५ मिलिमीटरचं.

५. लक्ष्याची उंची

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) गेल्यावर पोझिशन, म्हणजे नेम धरतानाची शरीराची ठेवण, परकी का वाटते ते उमगत नाही. १० मीटरवर लक्ष्याचं केंद्र जमिनीपासून १४० सेंटिमीटरवर असतं. म्हणून घरी ५ मीटरवरही ते १४० वर लावलं, तर नेमाचा कोन बदलतो.

समजा तुम्ही उभे राहून नेम धरता तेव्हा बॅरल १५६ सेंटिमीटरवर असतं. रेंजवर ते १० मीटरमध्ये १६ सेंटिमीटर खाली उतरतं. ५ मीटरमध्ये त्याच्या निम्मं, म्हणजे ८ सेंटिमीटर उतरायला हवं. म्हणजे घरचं केंद्र १४८ वर. तुमच्या बॅरलची उंची कुणाकडून तरी मोजून घ्या, १४० शी असलेला फरक काढा, तो अंतराच्या प्रमाणात कमी करा आणि बॅरलच्या उंचीतून वजा करा. रायफलवाल्यांनी हे नक्कीच करावं. चुकीच्या कोनात घरी शेकडो वेळा उभं राहिलं की पाठ आणि कंबर तीच ठेवण शिकतात.

६. उजेड

लक्ष्यावर भरपूर आणि खोलीत बेताचा, असा उजेड हवा. रेंजवर १० मीटरच्या लक्ष्यावर किमान १५०० लक्स (उजेडाचं माप) अपेक्षित असतात, त्यामुळे छताचा एक दिवा पुरत नाही. लक्ष्यासाठी स्वतंत्र दिवा लावा, तोही अशा कोनात की प्रकाश तुमच्या डोळ्यांत किंवा सेन्सरमध्ये थेट येणार नाही. लुकलुकणारे हलक्या प्रतीचे एलईडी टाळा. डोळ्याला ती लुकलुक दिसत नाही, पण कॅमेऱ्याला त्रास देते आणि रेषा थरथरते. चौकटवाल्या इन्फ्रारेड ट्रेनरजवळ हॅलोजन किंवा जुना तारेचा बल्ब नको, खिडकीतून येणारं ऊनही नको. त्यांतही इन्फ्रारेड असतं.

७. सेन्सर बसवणं

सेन्सर बॅरलवर किंवा हवेच्या सिलिंडरवर घट्ट हवा. स्क्रू इतकाच आवळा की हाताने सरकवता येणार नाही. सिलिंडरवर जोर काढू नका. स्क्रू बसल्यावर सेन्सर आणि बॅरल या दोघांवर पेन्सिलीने एक सलग बारीक रेघ मारा. सेन्सर फिरला तर ती रेघ तुटलेली दिसेल.

सेन्सर तिरका बसला तर पडद्यावरची दिशाही तिरकी होते. स्पिरिट लेव्हलने शस्त्र सरळ धरा आणि सेन्सर त्याच्याशी समांतर करा. सेन्सरचं वजन थोडंच असतं, पण बॅरलच्या टोकाकडे लावलं तर समतोल लगेच बदलतो. पिस्तुलात तर हे फारच जाणवतं. शक्य तितका मागे लावा. शस्त्राला सुटी वजनं असतील तर तेवढं वजन काढून ठेवा.

केबल असेल तर ती बॅरलवरून मागे आणा, दोन ठिकाणी वेल्क्रोने बांधा, आणि तिथून लॅपटॉपकडे जाताना तिचा सैल फास राहू द्या. ताणलेली केबल प्रत्येक शॉटला शस्त्र एकाच दिशेला ओढते, आणि तो दोष तुम्ही ट्रिगरच्या बोटावर ढकलत बसता.

८. कॅलिब्रेशन

कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राचे आकडे प्रत्यक्षाशी जुळवून घेणं. इथे घाई करू नका. क्रम असा ठेवा.

आधी आवाजाची पातळी. ट्रिगर तुटल्याचा आवाज किंवा धक्का ऐकून सेन्सर शॉट नोंदवतो. ड्राय फायरचा आवाज हलका असतो, म्हणून संवेदनशीलता थोडी वाढवावी लागते. फार वाढवली तर बोल्ट (छरा भरायची जागा उघडणारा-मिटणारा भाग) बंद करतानाही शॉट पडतो. दहा वेळा ट्रिगर दाबून बघा. दहाच शॉट नोंदवले गेले पाहिजेत, आणि बोल्टच्या हालचालीला एकही नाही.

मग दिशा. शस्त्र स्टँडवर टेकवून नळी सावकाश वर न्या. पडद्यावरची रेषा सरळ वर गेली पाहिजे. उजवीकडे न्या, रेषा आडवी सरकली पाहिजे. तिरकी गेली तर सेन्सर फिरवून पुन्हा बघा.

मग प्रमाण. पिस्तुलात हे तपासणं सोपं आहे: टेकवलेल्या पिस्तुलाचा नेम गोलाच्या तळावरून गोलाच्या माथ्यावर न्या. नेम काळ्या गोलाच्या व्यासाइतका सरकला, तर पडद्यावरही रेषा तेवढीच, म्हणजे ७ च्या वर्तुळाच्या व्यासाएवढी सरकायला हवी, कारण पिस्तुलाचा काळा भाग ७ च्या वर्तुळापाशी संपतो. रायफलचा काळा भाग ४ च्या वर्तुळापाशी संपतो. रेषा याहून बरीच कमी किंवा जास्त सरकत असेल तर अंतराच्या नोंदीत चूक आहे. पायरी ४ वर परत जा.

शेवटी केंद्र. स्टँडवरून नव्हे, तुमच्या नेहमीच्या पोझिशनमधून पाच चांगले शॉट घ्या आणि त्यांच्या मध्यावर केंद्र बसवा. पिस्तुलात गोलाच्या खाली नेम धरत असाल तर तसाच धरा, केंद्र त्याप्रमाणे बसेल. मोहाची जागा ही आहे: दर थोड्या वेळाने पुन्हा केंद्र बसवायचं. तसं केलंत तर नेम कुठे सरकतो आहे हे कधीच कळणार नाही. सत्राच्या सुरुवातीला एकदा बसवा आणि मग हात लावू नका. लक्ष्याचं अंतर बदललं तर मात्र नव्याने बसवावंच लागतं, कारण सेन्सर आणि साइट (नेम धरायची खूण) यांची रेषा एकच नसते आणि त्यांच्यातला फरक अंतरानुसार बदलतो.

९. रेषा कशी वाचायची

स्कॅटच्या नेहमीच्या रंगांत नेम येतानाची रेषा हिरवी असते, शॉटआधीचा शेवटचा सेकंद पिवळा, शेवटचे ०.२ सेकंद निळे आणि शॉटनंतरचा भाग लाल. इतर सॉफ्टवेअरमध्ये रंग वेगळे असतील, पण भाग हेच.

पिवळ्यापासून सुरुवात करा. पिवळा गुंता लहान आणि मध्यावर असेल तर होल्ड (शस्त्र स्थिर धरणं) उत्तम. मोठा पण मध्यावर असेल तर नेम बरोबर आहे, ताकद आणि पोझिशनवर काम हवं. लहान पण नेहमी एकाच बाजूला असेल, तर आधी कॅलिब्रेशनची शंका घ्या. ते ठीक निघालं तर शरीर नैसर्गिकपणे लक्ष्याकडे वळलेलं नाही आणि तुम्ही स्नायूंनी शस्त्र ओढून धरता आहात. डोळे मिटा, श्वास सोडा, डोळे उघडा: नेम जिकडे गेलेला दिसेल ती तुमची खरी दिशा. हाताने दुरुस्त करू नका, पावलं सरकवा.

मग निळा भाग. पिवळा शांत असूनही निळा प्रत्येक वेळी एकाच दिशेला उडी मारत असेल तर दोष ट्रिगरचा आहे. उजव्या हाताच्या पिस्तूल नेमबाजाची रेषा खाली-डावीकडे पळत असेल तर बहुतेकदा बोटाबरोबर सगळी मूठ आवळली जाते आहे. हा दोष नुसत्या गुणांवरून सापडत नाही. साइटच्या कोनात झालेली लहान चूक लक्ष्यावर किती मोठी होते याचा हिशेब करून बघा. फोरसाइट (पुढची साइट) आणि बॅकसाइट (मागची साइट) यांत ३५ सेंटिमीटर अंतर असलेल्या पिस्तुलात फोरसाइट १ मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर शॉट सुमारे २९ मिलिमीटर सरकतो. पिस्तुलाची वर्तुळं ८ मिलिमीटरच्या अंतराने आहेत, म्हणजे साडेतीन वर्तुळं गेली.

उभी लांबट रेषा श्वास पुरता थांबला नसल्याची खूण असते. रायफलच्या उभ्या पोझिशनमध्ये आडवी लांबट रेषा असेल तर पायांवरचा भार आणि शरीराचा झोल तपासा. लाल भाग शॉटनंतर काही क्षण मध्याजवळच राहिला पाहिजे. तो लगेच लांब पळत असेल तर तुम्ही शॉट होताच शस्त्र सोडून देता आहात, आणि छरा बॅरलमध्ये असतानाच ही हालचाल सुरू होऊ शकते.

वेळही पाहा. पिवळा भाग सुरुवातीला चांगला आणि आठ-दहा सेकंदांनी विस्कटलेला असेल तर तुम्ही फार वेळ धरून ठेवता. तिथे शॉट घ्यायचाच नाही, शस्त्र खाली घ्यायचं. घरी छरा नसल्याने हे शिकायला याहून चांगली जागा नाही.

सॉफ्टवेअर डझनभर आकडे देतं. पहिले काही आठवडे दोनच बघा: शेवटच्या सेकंदातला किती टक्के वेळ नेम १० मध्ये होता, आणि त्या सेकंदात रेषेची एकूण लांबी किती झाली. पहिला वाढायला हवा, दुसरा कमी व्हायला हवा.

१०. सराव कसा करावा

पडदा नेम धरताना दिसणार नाही असा वळवून ठेवा. रेषा डोळ्यांसमोर फिरत असेल तर लक्ष फोरसाइटवरून पडद्यावर जातं आणि तुम्ही पडद्यावर नेम धरायला शिकता. जवळच्या अंतरावर लक्ष्य जास्त स्पष्ट दिसतं, त्यामुळे डोळा आपसूक तिकडे ओढला जातो. घरी फोरसाइटवर नजर राखायला जरा जास्तच सजग राहा.

शॉट झाला की पडदा न बघता सांगा: कुठे गेला, आणि ट्रिगर तुटताना कसं वाटलं. वहीत लिहा, मग पडदा बघा. तुमचा अंदाज आणि रेषा जुळू लागणं हीच खरी प्रगती आहे, कारण स्पर्धेत रेषा दाखवणारं कुणी नसतं, फक्त हा अंदाज सोबत असतो. पाच शॉटनंतर एकदाच सगळ्या रेषा एकत्र बघा. एका शॉटवरून निष्कर्ष काढू नका.

एका सत्रात एकच गोष्ट घ्या. आज ट्रिगर, तर फक्त निळा भाग बघायचा. वीस-तीस नीट घेतलेले शॉट पुरेत. थकल्यावर घेतलेले शॉट थकव्याची सवय लावतात. दर काही सत्रांनंतर एकदा ट्रेनर बंद ठेवून कोऱ्या पांढऱ्या कागदावर ड्राय फायर करा, साइट कशी हलते एवढंच पाहत.

घरचे गुण रेंजच्या गुणांशी ताडू नका. इथे झटका नाही, शेजारी कुणी नाही, घड्याळ नाही. घरचे आकडे घरच्याच मागच्या आकड्यांशी ताडा. कॅमेरावाला सेन्सर असेल तर अधूनमधून रेंजवर छऱ्यासकट वापरा आणि निळा भाग घरच्यासारखाच राहतो का ते बघा. घरी शांत आणि रेंजवर उडणारा असेल तर तुम्ही झटक्याची वाट बघून आधीच आकसता आहात.

११. आकडे अचानक बिघडले तर

स्वतःवर शंका घेण्याआधी या क्रमाने तपासा. पेन्सिलीची रेघ जुळते आहे का. माउंटचा स्क्रू सैल झाला आहे का. सेन्सरची काच पुसलेली आहे का, मऊ कापडानेच. बॅटरी उतरली आहे का. दिवा बदलला किंवा सरकला आहे का, कागदाला पोक आला आहे का. सॉफ्टवेअर नुकतंच अद्ययावत झालं असेल तर अंतराच्या दोन्ही नोंदी आणि स्पर्धेचा प्रकार पुन्हा बघा, कधीकधी ते मूळ सेटिंगवर जातात. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात सॉफ्टवेअर अद्ययावत करूच नका.

एवढं करूनही रेषा थरथरत असेल तर शस्त्र स्टँडवर घट्ट टेकवा, हात काढा आणि दहा सेकंद नोंद घ्या. रेषा एका बिंदूवर स्थिर राहिली तर यंत्र ठीक आहे. ती तिथेही नाचत असेल तर उजेडापासून पुन्हा सुरुवात करा.